दोरीतून सुटलेलं यंत्र : कॉर्डलेस ड्रिलचा इतिहास आणि निवड



आजचा विषय वाचून काहींना गंमत वाटली असेल. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस भोकं पाडायच्या यंत्रावर काय बोलणार? पण घरासाठी कोणतं ड्रिल घ्यावं असं दुकानात विचारलं, की उत्तर फक्त आकड्यांत मिळतं. अठरा व्होल्ट, वीस व्होल्ट, इतके न्यूटन-मीटर. हे आकडे आले कुठून, ते इतिहासात कळतं. म्हणून आधी इतिहास, मग निवड.

भोक पाडणं ही माणसाची फार जुनी विद्या. बलुचिस्तानात मेहरगढला गारगोटीच्या टोकाने कोरलेले मानवी दात सापडले. काळ सुमारे ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वीचा. आपल्याकडच्या सुतारांचा सामताही त्याच घराण्यातला. दांड्याला दोरीचा वेढा द्यायचा, कमान पुढेमागे ओढायची, टोक फिरतं. म्हणजे बघा, शक्ती माणसाची आणि दिशाही माणसाचीच.

विजेने ही जोडी फोडली. १८८९ मध्ये मेलबर्नला आर्नॉट आणि ब्रेन यांनी विजेच्या ड्रिलचं पेटंट घेतलं. १८९५ मध्ये श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने हातात धरता येईल असं ड्रिल केलं. पण ते बोजड होतं. आज आपण पाहतो तो आकार आला अमेरिकेतल्या बाल्टिमोरहून. डंकन ब्लॅक आणि अलोन्झो डेकर यांनी पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा खटका बसवला. त्याचं पेटंट १९१७ मध्ये मिळालं. आता शक्ती विजेची, दिशा माणसाची. मात्र माणूस भिंतीतल्या सॉकेटला बांधला गेला.

ही दोरी १९६१ मध्ये सुटली. ब्लॅक अँड डेकरने निकेल-कॅडमियम बॅटरीवर चालणारं ड्रिल बाजारात आणलं. त्या बॅटरीचा शोध मात्र स्वीडनच्या युंगनेर यांचा, १८९९ चा. साठ वर्षं जुनी विद्या नव्या कामाला लागली. इतिहासात असं फार वेळा होतं, बरं का.

इथे एक गैरसमज दूर करू. कॉर्डलेस ड्रिल नासाने शोधलं असं सर्रास सांगतात. तसं नाही, आणि नासा स्वतःही तसं म्हणत नाही. कंपनीचं ड्रिल आधीच होतं. नासाची गरज नंतरची. चंद्रावर सॉकेट कुठून आणणार? १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी बॅटरीच्या ड्रिलने चंद्रात सुमारे २.४ मीटर खोल नळी घातली. नळी आत गेली, पण बाहेर काढताना दोघांना अंगची सगळी ताकद लावावी लागली. शक्ती कितीही यंत्राची असो, शेवटी खांदा माणसाचाच लागतो.

पुढची पायरी लिथियम-आयनची. सोनीने १९९१ मध्ये ती बॅटरी बाजारात आणली आणि २००५ च्या सुमारास ती मोठ्या हत्यारांत आली. निकेल-कॅडमियमचा एक सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे अठरा व्होल्टसाठी पंधरा सेल लागत. लिथियमचा सेल ३.६ व्होल्टचा, पाचांत काम भागतं. वजन उतरलं ते इथे.

आता दुकानातलं कोडं सुटेल. हे पाच सेल पूर्ण चार्ज झाले, की काही काळ वीस व्होल्टच्या वर दाखवतात. म्हणून एकाच ताकदीच्या ड्रिलवर कुठे ‘१८ व्होल्ट’ आणि कुठे ‘२० व्होल्ट मॅक्स’ लिहिलेलं असतं. नाव बदललं, वस्तू तीच. १२ व्होल्ट मॅक्सचंही तसंच, ते खरं १०.८ चं. वस्तूचं नाव म्हणजे वस्तू नव्हे, हे वर्गात शिकवायला मला फार वेळ लागायचा. इथे खोक्यावरच छापलेलं आहे.

मग घ्यावं काय? घरात स्क्रू बसवणं, कपाटाची बिजागरी, लाकडात बारीक भोकं, एवढंच काम असेल तर १२ व्होल्टचं हलकं ड्रिल पुरेसं आहे. वर्कशॉपसाठी १८ व्होल्ट, दोन वेग असलेला गिअर, १३ मिलिमीटरचा चक आणि ब्रशलेस मोटर बघा. ब्रशलेसमध्ये झिजणारे कार्बन ब्रश नसतात आणि बॅटरीही जास्त वेळ पुरते. पुढची आकडे असलेली रिंग म्हणजे क्लच. स्क्रू बसला की तो सुटतो, लाकूड फाटत नाही. विटांच्या भिंतीसाठी हॅमरची सोय हवी. पण स्लॅब, बीम, कॉलम यांच्या काँक्रीटला या ड्रिलने झुंजू नका. तिथे एसडीएस चकचं रोटरी हॅमर लागतं. वर्षातून दोनदा लागणार असेल तर भाड्याने आणा. आणि महिन्यातून एकदा, तेही सॉकेटजवळच काम असेल, तर वायरचं ड्रिल स्वस्त पडतं आणि टिकतंही.

आता मुख्य मुद्दा. ड्रिल घेताना तुम्ही खरं तर बॅटरी घेत असता. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या यंत्रात बसत नाही. पहिलं ड्रिल घेतलं, की पुढची करवत, ग्राइंडर त्याच घरातून येतात. भिंतीची दोरी सुटली आणि कंपनीची गाठ बसली. हायडेगर यांनी १९२७ च्या ग्रंथात हातोड्याचं उदाहरण दिलं आहे. हत्यार नीट चालतं तेव्हा ते जाणवतच नाही, लक्ष कामावर असतं. मोडलं की ते डोळ्यांसमोर येतं. सामत्याची दोरी तुटली तर सुतार नवी बांधत असे. बॅटरी मेली आणि तशी बॅटरी बनणंच बंद झालं, तर ठणठणीत मोटर असलेलं यंत्र भंगारात जातं. स्वातंत्र्य म्हणजे दोरी नसणं की दुरुस्त करता येणं, हा प्रश्न आपण दुकानदाराला विचारत नाही.

म्हणून व्होल्ट विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. ही बॅटरी सुटी मिळते का आणि केवढ्याला? आणखी कोणती हत्यारं तिच्यावर चालतात? दुरुस्ती गावात होते का? आणि मेलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तीही दुकानात विचारून घ्या.

इथे थांबतो.