दंडारीचे कुळ

दिवाळीचा पाडवा उलटला की भंडारा जिल्ह्यात एकेका गावाची मंडई भरू लागते. नावावरून हा भाजीपाल्याचा बाजार असावा असे परमुलखातल्या माणसास वाटेल, आणि शिंगाडे, ऊस, मुरमुरे यांची दुकाने तेथे लागतातही. परंतु मंडईचे मर्म दुकानांत नाही. गोवारी मंडळी लांब बांबूस मोरपिसांचा तुरा बांधून सजविलेली ढाल डफाच्या ठेक्यावर मिरवीत आणतात, दिलेल्या लेकी आणि त्यांच्या सासरचे गोत घरोघर पाहुणे म्हणून उतरते, उपवर मुलामुलींच्या सोयरिकींची बोलणी निघतात, दिवसा दंडार, म्हणजे टिपऱ्यांचा नाच, उभी राहते आणि रात्री नाटक होते. दंडारीपुढची वाट सर्वश्रुत आहे. खडीगंमत आली, पडदे-विंगांचे नाटक आले, वडशास नाटक मंडळ्यांचे ठाणे झाले, आणि २०२३ साली झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांस पद्मश्री लाभली. दंडारीच्या मागची वाट मात्र रानातून जाते, आणि त्या रानात शिरण्याचे धाडस मला करावयाचे आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा आणि दंडारीचा जो आजन्म व्यासंग केला, त्यावाचून मजसारख्याला या प्रांतात पाऊल टाकणेही शक्य नव्हते.

माझ्या हाती लागलेला धागा भंडाऱ्यातला नाही. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने आदिलाबादच्या डोंगरांत, मारलवाई या गावी, गोंडांमध्ये राहून १९४८ साली ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ज्या उत्सवाचे सविस्तर वर्णन येते त्याचे नाव दंडारी. आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास तो आरंभतो आणि वद्य चतुर्दशीस संपतो. हातात टिपऱ्या घेतलेल्या पुरुषांची तुकडी गावाबाहेर पडते. तिच्यात मुलींचा वेश घेतलेले तरुण असतात. आणि सर्वांच्या अग्रभागी, अंगास राख फासून, मोरपिसांचा भव्य टोप मस्तकी धारण करून, हातात दंड घेतलेले गुसाडी असतात. ही तुकडी जाते ती दुसऱ्या गावी, आणि तेही कोणत्याही गावी नव्हे, तर ज्या गावाशी सोयरीक होऊ शकते अशा गावी. यजमान गाव सामोरे येऊन पाहुण्यांचा सत्कार करते, जेवू घालते, रात्रभर मुक्कामास ठेवते, आणि त्या मुक्कामात तरुणतरुणींची ओळख होऊन पुढील लग्नांचा पाया पडतो.

हे वाचताना मी थबकलो. टिपऱ्या, स्त्रीवेशधारी पुरुष, दिवाळीचा हंगाम, यांपैकी एखादीच गोष्ट जुळती तर तो योगायोग म्हणून सोडून देता आला असता. परंतु मोरपिसे, परगावचे पाहुणे आणि सोयरीक या तिन्ही खुणा भंडाऱ्याच्या मंडईत जशाच्या तशा उभ्या असताना, आणि नावही तेच असताना, आदिलाबादची दंडारी आणि भंडाऱ्याची दंडार यांची नाळ एक आहे, असे मी निःशंकपणे म्हणतो.

आता नावाचा विचार. सर्वांत सोपी व्युत्पत्ती अशी की दंड म्हणजे टिपरी आणि तिच्यावरून दंडार. परंतु शेवटचा ‘आर’ आला कोठून? कुंभकाराचा कुंभार आणि लोहकाराचा लोहार होतो त्याच न्यायाने दंडकाराचा दंडार झाला, असे कोणी सुचवील. ध्वनिदृष्ट्या त्यात वावगे काही नाही, पण मग तो दंडार म्हणजे नाचणारा पुरुष ठरावयास हवा होता, आणि आमची दंडार तर स्त्रीलिंगी असून ती नाचणाऱ्याचे नव्हे, नाचाचेच नाव आहे. दुसरा पक्ष झाडीबोलीचा आधार घेऊन मांडता येतो. या बोलीत ळकार नाही, त्याच्या जागी रकार येतो, काळा तो कारा होतो. तेव्हा मूळ शब्द ‘दंडाळी’, म्हणजे दंडांची आवली, असावा. हा तर्क मला काही काळ फार मोहक वाटला. परंतु आदिलाबादचा गोंड झाडीबोली बोलत नाही आणि तरीही दंडारीच म्हणतो, बस्तरातले धुरवाही आपल्या टिपरीनृत्यास दंडारीच म्हणतात; म्हणजे हा रकार भंडाऱ्यात घडलेला नाही, तो अगोदरच तेथे होता.

तिसरा पक्ष पंडितांचा, आणि तो सहजासहजी बाजूस सारण्यासारखा नाही. राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’ या प्राकृत सट्टकात, म्हणजे इसवी सन ९०० च्या आसपास, दंडरास या नृत्याचा उल्लेख आहे. आणि काकतीयांचा सेनापती जायप याने तेराव्या शतकाच्या मध्यास रचलेल्या ‘नृत्तरत्नावली’त देशी नृत्यांमध्ये दंडरासक गणला आहे. ओरुगल्लू येथील काकतीयांची राजधानी आदिलाबादच्या डोंगरांपासून दूर नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे दंडरासाचीच दंडार झाली असे म्हणण्याचा मोह अनावर होतो. पण शब्दाच्या अंतीचा सकार मराठीत असा निमूटपणे गळून पडत नाही. रास ही रासच राहते, मास हा मासच. माझे मत उलट आहे. दरबारी ग्रंथकारांनी रानातला टिपऱ्यांचा नाच पाहिला आणि त्यास आपल्या शास्त्रात बसविण्यासाठी ‘रासक’ हे सुसंस्कृत उपपद जोडले. दंड या शब्दाच्या आर्यत्वाविषयीदेखील भाषाशास्त्रज्ञांचे एकमत नाही, कोणी त्याचा ग्रीकातील वृक्षवाचक शब्दाशी संबंध लावतात तर कोणी तो द्राविडी अथवा मुंडा भाषांतून आल्याचे मानतात. तेव्हा ऋणको कोण आणि धनको कोण हे संस्कृत ग्रंथांच्या साक्षीने ठरविण्याची घाई करू नये.

चौथा पक्ष दंडकारण्याचा. रतनपूरच्या शिलालेखात, कलचुरी संवत् ८६६ म्हणजे इसवी सन १११४ मध्ये, पहिल्या जाजल्लदेवास वार्षिक कर देणाऱ्या मांडलिकांच्या यादीत लंजिका, वैरागर आणि भाणार यांच्याच पंक्तीस दंडकपुर आले आहे. भाणार म्हणजे आमचे भंडारा, ज्यास खेड्यापाड्यातली माणसे आजही भनारा म्हणतात. एकाच शिळेवर भाणार आणि दंडकपुर एकत्र आलेली पाहून कोणाचेही मन उचंबळून यावे. तरीही प्रदेशनामावरून नृत्यास नाव पडावयाचे तर ते परक्यांनी द्यावयाचे असते, आणि ही मंडळी तर स्वतःच आपल्या नाचास दंडारी म्हणतात.

माझा स्वतःचा सिद्धान्त व्याकरणाच्या एका लहानशा गोष्टीवर उभा आहे. मराठीत कट्यार या शब्दाचे सामान्यरूप कट्यारी होते, तलवारीचे तलवारी, कट्यारीने, तलवारीस. गोंडांच्या शेजारी वसलेल्या मराठी शेतकऱ्याच्या कानी ‘दंडारी’ हे नाव पडले तेव्हा त्यास ते सामान्यरूपच वाटले. दंडारीस गेलो, दंडारीत नाचलो, असे तो बोलू लागला आणि त्या बोलण्यातून त्याने मूळ शब्द आपल्या बुद्धीने घडविला: दंडार. स्त्रीलिंग कोठून आले हा दंडकाराच्या व्युत्पत्तीस न सुटणारा प्रश्न येथे आपोआप सुटतो. किनवट-माहूरकडचा मराठी माणूस गोंडांच्या आणि कोलामांच्या याच उत्सवास दंडार म्हणतो आणि गुसाडीस घुसाडी, ही या सिद्धान्ताची उत्तम साक्ष आहे. हा दुवा इतका उघड असताना आजवर नजरेआड राहिला याचे कारण मी सरकारी दफ्तरात पाहतो. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात, प्रथम निजामाच्या अंमलात आणि नंतर हैदराबाद राज्यात होते, तर भंडारा मध्यप्रांतात आणि नंतर मध्य प्रदेशात. एका मुलखाची नोंद हैदराबादेस झाली, दुसऱ्याची नागपुरास, आणि दोन्ही दफ्तरे एकत्र वाचण्याचे प्रयोजन कोणास पडले नाही.

दंडार ही तमाशाची धाकटी बहीण असून नागपूरकर भोसल्यांच्या लष्कराबरोबर ती झाडीत आली, असाही एक पक्ष संभवतो. गण, गौळण, स्त्रीवेशातला नाच्या, ही सामग्री दोहोंकडे समान आहे हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु नव्या भाडेकरूने आणलेल्या सामानावरून वाड्याचा पाया केव्हाचा हे ठरत नाही. तमाशाचा फड सुपारी घेऊन येतो आणि बिदागी घेऊन जातो. दंडारीचा मूळ व्यवहार पाहुणचाराचा आहे, एक गाव दुसऱ्या गावास भेटते हा आहे. म्हणूनच रात्रीच्या तिकिटाच्या नाटकालाही झाडीपट्टीत घराघरातून पाहुण्यांच्या पंगती उठल्याशिवाय रंग चढत नाही. मारलवाईच्या कनकराजू यांस गुसाडी नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली आणि त्यानंतर दोनच वर्षांनी ती खुणे यांस मिळाली. एकाच कुळाच्या दोन शाखांचा हा गौरव झाला, अशी माझी श्रद्धा आहे.

एक अडचण उरते आणि ती तिथीची आहे. आदिलाबादची दंडारी चतुर्दशीस आटोपते, भंडाऱ्याची मंडई प्रतिपदेनंतर सुरू होते. एकीचा शेवट तोच दुसरीचा आरंभ. याचे उत्तर मी गोवाऱ्यांच्या ढालीत शोधतो. गायगोधनाचा सण प्रतिपदेचा, ढाल निघते ती त्यानंतर. ढाल आणि दंडार एकाच मंडईत उभ्या राहू लागल्या तेव्हा दंडारीस आपली तिथी सोडून ढालीच्या तिथीवर यावे लागले, आणि गुसाडीच्या मस्तकावरची मोरपिसे ढालीच्या टोकाशी असलेल्या मोरपिसांपुढे अनावश्यक होऊन लोप पावली. ज्यास याची शहानिशा करावयाची असेल त्याने दिवाळीच्या दिवसांत जिवती आणि राजुऱ्यापासून निघून सिंदेवाही, ब्रह्मपुरी, लाखांदूर, पवनी अशा क्रमाने गावोगावची तिथी टिपीत वर यावे. चतुर्दशीची गावे कोठे संपतात आणि प्रतिपदेनंतरची कोठे सुरू होतात ती रेषा एकदा नकाशावर पडली, आणि ती गोवाऱ्यांच्या वस्तीच्या सीमेशी जुळली, तर माझ्या म्हणण्यास याहून वेगळ्या पुराव्याची गरज राहणार नाही.