अडचणीच्या जागेतले चाक : हवेवर चालणाऱ्या छोट्या ग्राइंडरचा इतिहास (थ्रेड)

मोटारीच्या दाराच्या आतल्या बाजूची वेल्डिंगची रेघ, इंजिनाच्या हेडमधला बाकदार मार्ग, डायच्या तळाचा कोपरा. कानस जिथे शिरत नाही आणि मनगट जिथे वळत नाही, अशा जागी आजचा कारागीर मुठीत मावणारे हवेचे ग्राइंडर आणि मारी बिस्किटाएवढी घासचकती घेऊन काम करतो. ते विकत घेताना तो तीन गोष्टी पाहतो : फेरे किती, पॅड कोणते, दाणा कोणता. या तिन्ही प्रश्नांना दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात माणसांची फुफ्फुसे व बोटे खर्ची पडली आहेत.

आरंभी चाक जागचे हलत नसे. काम चाकाकडे न्यावे लागे. आपल्याकडचा शिकलगार तलवार घेऊन चाकापाशी बसे. गल्लीत सायकल उभी करून सुऱ्यांना धार लावणारा आजही तेच करतो. इंग्लंडमधील शेफील्ड या पात्यांच्या शहरात घासाई करणारा कामगार वाळूच्या दगडाच्या प्रचंड चाकामागे घोड्यावर बसावे तसा बसे आणि चाकावर वाकून पाते धरी. चाकातून उडणारी सिलिकेची धूळ थेट त्याच्या तोंडावर येई.

शेफील्डचे डॉक्टर अर्नोल्ड नाइट यांनी १८३० साली या कामगारांच्या दम्यावर निबंध लिहिला. काटे-चमचे कोरडे घासणाऱ्यांचे आयुष्य जेमतेम ३५ वर्षांचे असते आणि पाणी वापरून घासणारेही क्वचितच ४५ च्या पुढे जातात, अशी त्यांची नोंद पुढे फ्रीडरिश एंगल्सने इंग्लिश कामगारवर्गावरील आपल्या ग्रंथात घेतली. दगड कोणता वापरावा, हा प्रश्न तेव्हापासूनच नुसत्या धारेचा राहिलेला नव्हता.

दगडाला पर्याय भारतात फार पूर्वीपासून ठाऊक होता. रत्नांना पैलू पाडणारे कारागीर कुरुंदाची पूड लाखेत कालवून तिचे चाक बनवीत. पूड कापते, लाख धरून ठेवते. आजची प्रत्येक घासचकती याच तत्त्वावर चालते, फक्त लाखेच्या जागी राळ आली आहे. हा दगड पाहून युरोपीय खनिजतज्ज्ञ चकित झाले. चार्ल्स ग्रेव्हिल यांनी १७९८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यावर निबंध सादर केला. तमिळ ‘कुरुंदम्’ आणि संस्कृत ‘कुरुविंद’ या शब्दांच्या कुळातूनच ‘कोरंडम’ हे नाव जगभर गेले.

१८९१ च्या सुमारास अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील एडवर्ड अॅचेसन कृत्रिम हिरा बनवू पाहत होते. माती आणि कोकची भुकटी एका लोखंडी भांड्यात घालून त्यांनी तिच्यातून विजेचा प्रवाह सोडला. हिरा मिळाला नाही. मिळाले ते काच सहज ओरखडणारे चमकदार स्फटिक. हा कार्बन आणि कोरंडमचा संयोग असावा असे समजून त्यांनी त्याला ‘कार्बोरंडम’ म्हटले. समजूत चुकीची होती, कारण तो सिलिकॉन कार्बाइड होता. नाव मात्र टिकले. सुरुवातीला हा माल रत्नकारांना कॅरटच्या भावाने विकला गेला. १८९५ मध्ये कारखाना नायगाऱ्याच्या जलविद्युतेजवळ हलवल्यावर तो टनांनी निघू लागला. १८९७ साली चार्ल्स जेकब्स यांनी विजेच्या भट्टीत बॉक्साइट वितळवून चक्क कृत्रिम कुरुंद तयार केला.

येथे दाण्याच्या निवडीचे एक मर्म आहे. सिलिकॉन कार्बाइड कुरुंदाहून कठीण असते, तरी पोलादावर ते लवकर बोथट होते, कारण घर्षणाच्या उष्णतेत त्यातला कार्बन लोखंडात मुरतो. दगड, काच, पितळ, बीड यांना ते उत्तम. पोलादाला मात्र कुरुंदाचेच कूळ मानवते. अधिक कठीण ते अधिक चांगले, हा भाबडा हिशेब दुकानात आजही अनेकांना फसवतो.

कुरुंदाच्या नादात एका कंपनीचे नशीब विचित्र रीतीने घडले. १९०२ साली मिनेसोटात काही भागीदारांनी कुरुंदाची खाण काढण्यासाठी कंपनी स्थापन केली. खाणीत निघाला तो अॅनॉर्थोसाइट, घासाईच्या दृष्टीने निरुपयोगी खडक. नाइलाजाने कंपनी दाणे बाहेरून आणून पॉलिश पेपर बनवू लागली. पुढे ‘थ्री-एम’ म्हणून गाजलेली कंपनी ती हीच. १९१४ मध्ये तिने धातुकामासाठी कृत्रिम कुरुंदाचे घासकापड काढले आणि १९२१ मध्ये पाण्यात वापरता येणारा पेपर. मोटारी रंगवणाऱ्या कामगारांच्या नाकात जाणारी धूळ त्या ओल्या पेपरने बरीच कमी केली.

दाणा तयार झाला, पण चाक अजून जागेवरच होते. ते कामाकडे न्यायचे कसे? जेम्स नॅस्मिथ या इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या स्कॉटिश तरुण यंत्रज्ञाने १८२९ मध्ये पिळाच्या तारेचा लवचिक दंड बनवला होता. यंत्र एकीकडे आणि फिरते टोक अडचणीच्या जागी, ही त्याची कल्पना. दंतवैद्यांच्या पायाने चालवायच्या यंत्रांत पुढे अशीच तार आली. मोठ्या कामाला मात्र ती पुरेना. वळण तीव्र झाले की तार तापते, गुरफटते आणि तुटते.

उत्तर आले आल्प्सच्या पोटातून. फ्रान्स आणि इटलीला जोडणाऱ्या सुमारे १३ किलोमीटरच्या बोगद्याचे काम १८५७ साली हातांनी सुरू झाले. अभियंते जेर्मां सोमेयर यांनी डोंगरातल्या पाण्याच्या जोरावर हवा दाबली, ती नळ्यांतून आत नेली आणि १८६१ पासून तिच्यावर खडक फोडणारी यंत्रे चालवली. वाफेचे यंत्र बोगद्यात नेले असते तर माणसे गुदमरली असती. येथे उलट घडले : यंत्रातून बाहेर पडणारी हवाच कामगारांच्या श्वासाला उपयोगी पडली. डिसेंबर १८७० मध्ये दोन्ही बाजू मिळाल्या. पुढल्या वर्षी बोगद्याचे उद्घाटन होण्याच्या थोडे आधी सोमेयर वारले. (बोरघाटातील रेल्वेचे बोगदेही याच काळातले, १८५६ ते १८६३ मधले. तेथे मात्र पहार, हातोडा आणि सुरुंगाची दारू यांवरच भिस्त होती.)

शक्ती दूर निर्माण करायची आणि नळीने कामाच्या टोकाला पोचवायची, ही युक्ती १८९० च्या दशकात जहाजबांधणीत आणि बॉयलरच्या कारखान्यांत हवेच्या हातोड्यांच्या रूपाने आली. ग्राइंडरला ठोक्यापेक्षा फेरे हवे होते. ते दिले पात्यांच्या मोटरने. पोकळ नळकांड्यात किंचित एका बाजूला सरकवून बसवलेला खाचांचा दंड, त्या खाचांत सैल पाती. दंड फिरला की पाती बाहेर फेकली जाऊन भिंतीला टेकतात आणि दाबाखालची हवा त्यांना ढकलत राहते. गुंडाळीची तार नाही, ठिणगी नाही. भार वाढला तर मोटर नुसती थांबते. त्याच जागी विजेची मोटर जळाली असती. म्हणूनच ती इतकी लहान करता आली. डाय बनवणाऱ्यांनी ती प्रथम उचलून धरली, म्हणून तिचे नाव ‘डाय ग्राइंडर’.

तोंडाएवढी अडचणीची कामाची जागा दुसरी नाही, त्यामुळे या शर्यतीत दंतवैद्य पुढे होते. जॉर्ज ग्रीन यांनी १८६८ मध्येच भात्याच्या हवेवर चालणारे दातांचे यंत्र काढले होते. न्यूझीलंडचे जॉन वॉल्श यांनी १९४९ मध्ये हवेच्या टर्बाइनचे पेटंट घेतले आणि १९५७ मध्ये अमेरिकेतील जॉन बोर्डन यांच्या यंत्राने मिनिटाला ३,००,००० फेरे गाठले.

एवढे फेरे कशाला, याचे उत्तर साध्या गणितात आहे. कापतो तो दाणा, आणि दाण्याला महत्त्व मीटर प्रति सेकंद वेगाचे. मिनिटाला २०,००० फेऱ्यांवर ५० मिलिमीटरच्या चकतीची कड सुमारे ५२ मीटर प्रति सेकंद वेगाने धावते. त्याच यंत्रावर ६ मिलिमीटरच्या बरची कड फक्त ६ मीटर. टोक जितके लहान तितके फेरे अधिक हवेत. याची उलट बाजू जीवघेणी आहे. २५,००० फेऱ्यांच्या ग्राइंडरवर ७५ मिलिमीटरची चकती लावली तर कडेचा वेग ९८ मीटरवर जातो. मजबूत चकत्यांनाही बहुधा ८० ची मर्यादा असते. चकतीवर छापलेला फेऱ्यांचा आकडा यंत्राच्या आकड्यापेक्षा कमी असेल, तर ती चकती त्या यंत्राची नव्हे.

पॅडचा इतिहास धाकटा आहे. पूर्वी चकती मधल्या भोकातून नटाने आवळली जाई आणि तो नट नेमका कोपऱ्यात आडवा येई. मग चकतीच्या पाठीलाच आट्यांची गुंडी आली. अर्धा-एक फेरा दिला की चकती रबरी पॅडवर बसते, आणि पुढची बाजू सपाट असल्याने भिंतीला चिकटून काम करता येते. कडक पॅड वेल्डिंगचा उंचवटा काढते, मऊ पॅड वळणावर पत्र्याचा आकार सांभाळते. नवशिके नेमके उलटे वापरतात आणि पत्र्यात खळगे पाडतात. यंत्राचे डोके सरळ की काटकोनी, हेही जागाच ठरवते : खोल भोकाला सरळ, सपाट पृष्ठाला काटकोनी.

चाक हातात आले, तसा त्याचा थरथराटही हातात आला. १९१८ साली डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांनी इंडियाना राज्यातील बेडफर्ड येथे हवेच्या हातोड्याने चुनखडी घडवणाऱ्या कामगारांना तपासले. थंडीत त्यांची बोटे पांढरी पडत, बधिर होत, जणू मेलेली. हॅमिल्टन यांनी त्याचा संबंध अवजाराच्या कंपनाशी आणि गारठ्याशी जोडला. दाबातून सुटणारी हवा थंड होत असल्याने अवजारही मुठीला गारच लागते.

कंपनाला कायद्याचा आकडा मिळायला मात्र आणखी ८४ वर्षे लागली. २००२ मध्ये युरोपीय संघाने हाताला बसणाऱ्या कंपनाची आठ तासांची मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग ठरवली आणि २.५ च्या पुढे गेल्यास मालकाने उपाय योजणे बंधनकारक केले. चांगल्या हवेच्या ग्राइंडरच्या माहितीपत्रकात फेरे आणि हवेचा खर्च यांच्या खाली, बारीक अक्षरांत, कंपनाचा आकडा आता छापलेला असतो.