भटजींशिवाय लागलेलं लग्न कोर्टात टिकतं का?

आजचा भाग लग्नावर आहे. त्यातही पळून जाऊन केलेल्या, चार माणसांत केलेल्या आणि आपल्या पद्धतीने केलेल्या लग्नांवर.

हल्ली रील्समध्ये अशी लग्नं खूप दिसतात. समुद्रकिनारा, दहा-बारा पाहुणे, शपथा स्वतः लिहिलेल्या. अमेरिका-कॅनडाच्या मोठ्या सरोवरांकाठी राहणाऱ्या अनिशिनाबे या मूळनिवासी समाजातली काही जोडपी आता पाण्याकाठी, आपल्या वाडवडिलांच्या रीतीने लग्न करतात. खाली कमेंट असते, ‘किती मॉडर्न!’ मला वाटतं, यात मॉडर्न काही नाही. प्रश्न जुनाच आहे: लग्नाचे अ‍ॅडमिन राइट्स कोणाकडे? लग्न करणाऱ्या दोघांकडे, की लावून देणाऱ्याकडे? आपल्याकडे हा प्रश्न थेट मुंबई हायकोर्टात गेला होता, तोही दीडशे वर्षांपूर्वीच्या आसपास.

सुरुवात एका पत्रापासून करू. 29 ऑगस्ट 1868. सावित्रीबाई फुले माहेरी, म्हणजे नायगावला आहेत आणि पुण्यात जोतीरावांना पत्र लिहितायत. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण गावोगाव पंचांग सांगत फिरायचा. त्याचं आणि शारजा नावाच्या महार मुलीचं प्रेम जमलं. मुलगी सहा महिन्यांची गरोदर राहिली. गावाला कळल्यावर लोकांनी दोघांना मारत, गावातून फिरवत नेलं. जीवच घ्यायचा बेत होता. सावित्रीबाई धावत गेल्या आणि इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घालून त्यांनी जमावाला थांबवलं. दोघांनी गाव सोडायचं, एवढ्यावर तडजोड झाली. सावित्रीबाईंनी त्यांना जोतीरावांकडे पुण्याला पाठवून दिलं.

यात एक गोष्ट बघा. गणेशचं पोट पंचांगावर चालायचं. इतरांच्या लग्नाचे मुहूर्त त्याच्याच पंचांगात होते. त्याच्या स्वतःच्या नात्यासाठी मात्र कुठल्याच पोथीत जागा नव्हती.

मी भिंगारचा, म्हणून एक धागा जोडतोच. आमच्या शेजारी नगर शहरात तेव्हा सिंथिया फरार या अमेरिकन मिशनच्या बाई मुलींच्या शाळा चालवत होत्या. तरुण जोतीरावांनी त्या शाळा येऊन पाहिल्या आणि नंतर 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही शिक्षिकेचं प्रशिक्षण फरारबाईंकडे घेतलं, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. म्हणजे नायगावात त्या जमावासमोर उभ्या राहिलेल्या बाईच्या घडणीत थोडंसं नगरही आहे.

आता 1872 कडे येऊ. ब्राह्मो समाजाच्या आग्रहामुळे सरकारने नोंदणी विवाहाचा कायदा केला. पण अट अशी की आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती यांपैकी कुठलाही धर्म मानत नाही, असं दोघांनी लिहून द्यायचं. पुरोहित नको असेल तर धर्मही सोडा, असा हा सौदा!

फुल्यांनी हा सौदा नाकारला. 24 सप्टेंबर 1873 ला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. तीनच महिन्यांनी, 25 डिसेंबरला, पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधा निंबणकर. राधाची आई बजूबाई ही सावित्रीबाईंची मैत्रीण. भटजी नाहीत, हुंडा नाही, खर्च अगदी नावापुरता.

विधी काय होता? मुख्य भाग म्हणजे मराठी मंगलाष्टका. 1887 मध्ये फुल्यांनी सगळे पूजाविधी छापून काढले, त्यात या मंगलाष्टकाही आहेत. त्यात वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. बायकांना स्वातंत्र्याचा अनुभवच नाही, तेव्हा त्यांचे हक्क देण्याची शपथ घे, असं वधू मागते. वर सगळ्यांसमोर तसं वचन देतो. आपल्याकडच्या लग्नात मंगलाष्टका सुरू झाल्या की अर्धा मांडव अक्षता कधी टाकायच्या एवढंच बघत असतो आणि उरलेला अर्धा जेवणाच्या रांगेकडे. इथे प्रत्येक शब्द सगळ्यांना कळत होता. त्यामुळे वचन मोडलं तर साक्षीदार अख्खा मांडव!

लोण पुण्याबाहेर पोचलं, तसा खरा वाद पेटला, तो पैशाचा. गावच्या जोश्याला वतन असायचं. गावातली लग्नं लावणं हा त्याचा वंशपरंपरागत हक्क, आणि दक्षिणा ही त्याची मिळकत. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचं लग्न जोश्याला न बोलावता लावलं. जोशी कोर्टात गेले. मागणी साधी होती: लग्न आम्ही लावलं नसलं तरी दक्षिणा आमची आम्हाला द्या. ज्या अ‍ॅपवर आपण कधी लॉगिनच केलं नाही, त्याचं बिल घरी यावं, तसंच हे!

खटला वर्षानुवर्षं चालला. 1890 मध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल पाटलांच्या बाजूने दिला. जोश्याला बोलावलंच पाहिजे, अशी सक्ती करता येणार नाही. त्याच वर्षी 28 नोव्हेंबरला जोतीराव गेले. पण वतनी हक्काचा विषय एवढ्याने मिटला नाही. न केलेल्या विधीची दक्षिणा मागण्याचा हक्क रद्द करणारा कायदा मुंबई प्रांतात व्हायला 1926 उजाडलं. तो सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नांनी झाला.

हाच प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकालाही आला होता. विल्यम कॉनॉली या फरच्या व्यापाऱ्याने 1803 मध्ये सुझान या क्री स्त्रीशी तिच्या समाजाच्या रीतीने लग्न केलं. क्री म्हणजे अनिशिनाबेंचे शेजारी आणि भाषेने भावकीतले. जवळपास तीस वर्षं संसार झाला, मुलं झाली. मग कॉनॉलीने माँट्रियलला चर्चमध्ये दुसरं लग्न लावलं, जणू पहिलं झालंच नव्हतं! पुढे सुझानच्या मुलाने वारसाहक्कासाठी दावा लावला. 1867 मध्ये न्यायाधीश मंक यांनी निकाल दिला की पाद्री नसला तरी ते लग्न खरंच होतं.

दोन्ही खटल्यांत एक साम्य आहे. भांडण दिसतं विधीचं, पण हिशोब असतो पैशाचा, वारशाचा आणि मानाचा. म्हणूनच ‘विधी कुठलाही असो, काय फरक पडतो?’ हे वाक्य मला पटत नाही. फरक पडतो, आणि तो बहुतेक वेळा बाईला आणि तिच्या मुलांना पडतो. तमिळनाडूत पेरियार यांच्या चळवळीतली पुरोहिताशिवायची लग्नं मद्रास हायकोर्टाने 1953 मध्ये बेकायदेशीर ठरवली होती. 1967 मध्ये अण्णादुराई सरकारने हिंदू विवाह कायद्यात कलम 7-अ घातलं, तेव्हा त्या बायका कायद्याने पत्नी झाल्या.

फुल्यांच्या घरातलं लग्नही सांगतो. दत्तक मुलगा यशवंत हा ब्राह्मण विधवेचा मुलगा, म्हणून त्याला मुलगी द्यायला लोक कचरायचे. ग्यानोबा ससाणे यांनी आपली राधा दिली. लग्नाआधीच सावित्रीबाईंनी तिला घरी राहायला आणलं, दोघांची ओळख व्हावी म्हणून. 4 फेब्रुवारी 1889 ला सत्यशोधक पद्धतीने लग्न झालं.

आजही घरच्यांचा विरोध असला की आपल्याकडची पोरं आळंदी गाठतात. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टने करायचं तर 30 दिवसांची नोटीस लागते, आणि ती ऑफिसात लावली जाते. घरून पळालेल्या जोडप्यासाठी हे 30 दिवस किती जीवघेणे असू शकतात, हे गणेश आणि शारजाची गोष्ट ऐकल्यावर वेगळं सांगायला नको.

माझ्या घरीही सध्या स्थळं बघणं चालू आहे. हॉल, डीजे, मानपान, पाचशे पत्रिका, सगळी चर्चा होते. दोघं एकमेकांना नक्की कसलं वचन देणार, हा विषय अजून एकदाही निघालेला नाही. पुढच्या रविवारी तो मीच काढणार आहे. तुम्हीही तुमच्या आजीला विचारा: तुझ्या लग्नात काय म्हटलं होतं, आणि त्यातलं तुला काय कळलं होतं? उत्तर व्हॉइस नोटने पाठवा.

भेटू पुढच्या भागात!