दोन वर्षांचं कार्ड

शनिवारी सकाळी उशिरापर्यंत लोळत पडणं हा आम्हा आयटीवाल्यांचा जन्मसिद्ध हक्क. पण २०२५ च्या मार्चमधल्या एका शनिवारी साडेसहालाच फोन वाजला. ताई. तिकडे शुक्रवारची रात्र.

"अरे, कार्ड आलं!"

मागोमाग व्हॉट्सॅपवर फोटो. ते सुप्रसिद्ध ग्रीन कार्ड, त्यावर आमची ताई नेहमीप्रमाणे पासपोर्ट फोटोतला गंभीर चेहरा करून. आईने तर देवापुढे साखर ठेवायला सुरुवात केली. मी मात्र पडलो टेस्टिंगमध्ये तीन वर्षं काढलेला माणूस. काहीही समोर आलं की कौतुकाच्या आधी बग दिसतो. नाव बरोबर. जन्मतारीख बरोबर. जन्मदेश बरोबर. मुदत... जानेवारी २०२७?

"ताई, तुझं कार्ड दोन वर्षांचंच आहे."

"मग? तसंच असतं ना पहिलं?"

असतं. पण तिचं असायला नको होतं.

त्याचं झालं असं. ताईचं लग्न नोव्हेंबर २०२२ मध्ये चंद्रपुरात झालं. भाऊजी अमेरिकन नागरिक. नागरिकाच्या नवऱ्या-बायकोला रांग नसते, म्हणजे वर्षाकाठी अमुकच व्हिसा ही मर्यादा नसते. तरी अर्ज, कागद, मुलाखत यात वेळ जातोच. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईला मुलाखत झाली, व्हिसा मिळाला. तोपर्यंत लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती, म्हणून व्हिशावर प्रकार पडला सीआर-१. सी म्हणजे कंडिशनल, सशर्त. मग आजीचं खुब्याचं ऑपरेशन निघालं आणि ताई थांबली. ती अमेरिकेत उतरली जानेवारी २०२५ मध्ये. म्हणजे लग्नाला दोन वर्षं उलटून गेल्यावर.

आता नियम असा आहे की दोन वर्षं मोजायची ती व्हिसा मिळाला त्या दिवसापर्यंत नाही, तर कायम रहिवासाचा दर्जा मिळाला त्या दिवसापर्यंत, म्हणजे विमानतळावर शिक्का पडला त्या दिवसापर्यंत. त्या दिवशी दोन वर्षं पूर्ण असतील तर प्रकार होतो आयआर-१, आणि कार्ड येतं दहा वर्षांचं. विमानतळावर हे बोलून दाखवायला हवं होतं. ताईला माहीत नव्हतं. काउंटरवरच्या माणसाने व्हिशावर होतं तेच पुढे सरकवलं. झालं!

एका अक्षराचा फरक. पण त्या अक्षराचा अर्थ काय, ते शोधत बसलो आणि वीकांत कुठे गेला कळलं नाही. हा लेख म्हणजे त्या वीकांताचा हिशेब.

आधी घरचा इतिहास

खरं तर कागदांची गंमत घरापासूनच सुरू झाली होती. ताईचा जन्म १९९५ चा, आजोळी, अहेरीला. जन्माची नोंद वेळेवर झाली, पण बारशाच्या आधी! त्यामुळे दाखल्यावर आई-वडिलांची नावं होती आणि बाळाच्या नावाची जागा कोरी. (१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ प्रमाणे नाव नंतर घालता येतं. ते बाबांनी चकरा मारून घालून घेतलं.) पुढे शाळा चंद्रपूरला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ: मु. अहेरी, जि. चंद्रपूर. आणि पासपोर्टवर? गडचिरोली.

ताई रडकुंडीला आली. बाबा म्हणाले, "काहून घाबरून राहिली? गाव तर तिथंच आहे ना!"

बाबांचं बरोबर होतं. गाव तिथेच आहे, जिल्हा सरकला. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. ताईचा जन्म त्यानंतर तेरा वर्षांनी झाला, पण शाळेतल्या लिहिणाऱ्याच्या हाताला जुनीच सवय असणार.

आमच्या आईचे वडील तर याहून भारी. जन्म १९३८, अहेरीतच. तेव्हा तो मध्य प्रांत आणि वऱ्हाडातला चांदा जिल्हा. १९५० मध्ये मध्य प्रदेश. १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य. १९६० मध्ये महाराष्ट्र. पुढे चांद्याचं चंद्रपूर झालं, आणि १९८२ मध्ये गडचिरोली. आजोबांनी आयुष्यात घर बदललं नाही, पण पत्ता पाच वेळा बदलला. थोडक्यात काय, तर कागदावरची प्रत्येक विसंगती म्हणजे चूक नसते. कधी कधी तो इतिहास असतो. मुलाखतीत ताईने जिल्हा विभागणीची माहिती आणि आई-बाबांची प्रतिज्ञापत्रं सोबत ठेवली होती. कुणी विचारलंसुद्धा नाही!

नवरा बदलला की देश बदलला

आता अमेरिकेकडे वळू. लग्न आणि नागरिकत्व यांची गाठ तिथे फार जुनी आहे. १८५५ च्या कायद्याने अमेरिकन माणसाशी लग्न करणारी परदेशी बाई आपोआप अमेरिकन व्हायची (अट एकच: ती गोरी हवी). अर्ज नाही, फी नाही. ऐकायला छान वाटतं. पण १९०७ मध्ये त्याची दुसरी बाजू आली. परदेशी माणसाशी लग्न करणारी अमेरिकन बाई आपलं नागरिकत्व गमावून बसायची. जन्म तिथला, आई-बाप तिथले, पण लग्नाच्या दिवशी परदेशी. आपल्याकडे ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहितात, तिकडे कायद्याने देशच बदलून लिहिला. म्हणजे बाईचा रेकॉर्ड स्वतंत्र नव्हताच, तो नवऱ्याच्या रेकॉर्डला जोडलेला.

यात एक भारतीय माणूस सापडला. सखाराम गणेश पंडित. नाव आपल्या गल्लीतलं वाटतं, जन्म मात्र अहमदाबादचा. १९०६ मध्ये अमेरिकेत गेले, १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टातून नागरिक झाले, पुढे कॅलिफोर्नियात वकील झाले. १९२० मध्ये त्यांनी लिलियन स्ट्रिंगर या अमेरिकन बाईंशी लग्न केलं.

तेव्हा नागरिक व्हायचं तर 'गोरा' असावं लागे (किंवा आफ्रिकन वंशाचा). फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हिंदुस्थानी माणूस या अर्थाने गोरा नाही. थिंड अमेरिकन सैन्यात राहून आलेले, आणि त्यांचे वकील होते हेच पंडित! निकालानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वं काढून घ्यायला सुरुवात केली. थिंड यांच्या वकिलावरही खटला आलाच.

पंडितांचा बचाव मला एखाद्या चांगल्या डिझाईन रिव्ह्यूसारखा वाटतो. ते वर्णावर वाद घालत बसले नाहीत. त्यांचं म्हणणं असं की, १९१४ मध्ये कोर्टाने सगळं तपासून मला नागरिक केलं. त्या निकालावर विश्वास ठेवून मी वकिली केली, घर केलं, लग्न केलं. आज तुम्ही ते उलटवलंत तर माझ्याबरोबर माझी बायकोही देश गमावून बसेल, कारण तुमच्याच कायद्याने तिचं नागरिकत्व माझ्याला बांधलेलं आहे. आणि तिच्या नावावरची जमीनही धोक्यात येईल. १९२६ मध्ये अपील कोर्टाने पंडितांच्या बाजूने निकाल दिला, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं म्हणणं ऐकायला नकार दिला, आणि सरकारने असे बाकीचे खटले सोडून दिले.

मधल्या काळात, १९२२ मध्ये, केबल कायदा आला आणि बाईचं नागरिकत्व नवऱ्यापासून सुटं झालं. पण त्यातही मेख होती. नवरा 'नागरिक होण्यास अपात्र' वंशाचा असेल तर बाईचं नागरिकत्व जाणारच. म्हणजे १९२३ नंतर भारतीयाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचंही. ही मेख १९३१ मध्ये निघाली. भारतीयांना नागरिक होता येऊ लागलं १९४६ मध्ये, आणि नव्याने येणाऱ्यांचा कोटा होता वर्षाला १००. अख्ख्या देशाला शंभर! आमच्या कॉलेजची एक बॅचसुद्धा त्यात बसली नसती. १९२४ च्या कायद्यात कोट्याबाहेरची सवलत नागरिकाच्या 'बायको'ला होती, नवऱ्याला नाही. १९५२ मध्ये ती दोघांना सारखी झाली. आणि १९६५ च्या कायद्याने देशवार जुने कोटे मोडले, तेव्हा कुठे आपल्या लोकांसाठी दार खरं उघडलं.

कार्ड हिरवं का?

१९४० मध्ये अमेरिकेने सगळ्या परदेशी रहिवाशांची नोंदणी सुरू केली, तीही पोस्ट ऑफिसांतून. तेव्हाची पावती पांढरी होती. महायुद्धानंतर कायम रहिवाशांना वेगळा फॉर्म मिळू लागला, आय-१५१, आणि तो हिरवा होता. १९६४ पासून त्याचा रंग बदलून निळा झाला, नंतर बरेच रंग आले. नाव मात्र 'ग्रीन कार्ड'च राहिलं. परत हिरवं झालं थेट २०१० मध्ये. म्हणजे मधली पंचेचाळीसेक वर्षं लोक हिरव्या नसलेल्या कार्डाला हिरवं म्हणत होते. (चंद्रपूरला अजून 'चांदा' म्हणणारे आमचे आजोबा आणि ही मंडळी, सारखीच!)

ती दोन वर्षं

आता मूळ प्रश्न. दोन वर्षं आली कुठून? तर १९८६ मधून. कार्डासाठी खोटी लग्नं होतात अशी ओरड सुरू होती. त्या वेळच्या इमिग्रेशन खात्याने अशा लग्नांचं प्रमाण ३० टक्के असल्याचं सांगितलं. पुढे ते सर्वेक्षणच सदोष निघालं, पण तोवर कायदा झाला होता! नोव्हेंबर १९८६ पासून नियम असा: लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्ड सशर्त. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-७५१ नावाचा अर्ज करायचा आणि लग्न खरं असल्याचे पुरावे द्यायचे. नाही केला तर दर्जा जातो.

'मिळून' हा शब्द कागदावर निरुपद्रवी दिसतो. ताईच्या ओळखीत तिकडे आपल्याकडचीच एक मुलगी होती. नाव-गाव सांगत नाही. घरात भांडण झालं की तिचा नवरा एकच वाक्य बोलायचा, "सही करणार नाही." मार नाही, शिवी नाही. फक्त सहीची आठवण. दोन वर्षं ती मुलगी प्रत्येक भांडणात आधी गप्प बसायला शिकली. ताईने हे सांगितलं तेव्हा मी फोटोतल्या त्या 'सी'कडे पुन्हा पाहिलं.

कायदा करणाऱ्यांच्याही हे लक्षात आलं, पण उशिरा. छळ झाला असेल तर जोडीदाराच्या सहीशिवाय एकटीने (किंवा एकट्याने) अर्ज करायची वाट १९९० मध्ये खुली झाली. १९९४ मध्ये त्याच्याही आधीच्या टप्प्यावर, म्हणजे पहिला अर्ज, स्वतःचा स्वतः करायची सोय आली. लग्न खरं होतं पण घटस्फोट झाला, तरीही एकटीने अर्ज करता येतो. त्या मुलीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. ताईने सांगितलं.

आमच्या धंद्यात आम्ही दोन प्रकारच्या चुका मानतो. डेटाची चूक आणि डिझाईनची चूक. ताईच्या कार्डावरची चूक डेटाची, एक फॉर्म भरला की दुरुस्त होते. १९०७ चा कायदा किंवा 'मिळून सही' ही डिझाईनची चूक. ती दुरुस्त करायला पंडितांसारखा खटला लागतो, नाहीतर कित्येक जणींची वर्षं खर्ची पडतात. आणि दोन्हींत दुरुस्तीची धावपळ करायची ती चूक ज्याच्या अंगावर आली त्यानेच.

तर डेटाची दुरुस्ती. (मी वकील नाही, आपलं प्रकरण वकिलाला दाखवावं.) कार्डावरची चूक आय-९० या फॉर्मने दुरुस्त होते. चूक आपल्या अर्जातली असेल तर फी आपली. त्यांची असेल तर फी नाही, पण पुरावा द्यावा लागतो आणि चुकीचं मूळ कार्ड परत पाठवावं लागतं. ताईने लग्नाचं प्रमाणपत्र आणि शिक्क्याचं पान जोडलं. बाबांना कार्ड परत पाठवायची कल्पना अजिबात पटेना. "हातातलं कार्ड देऊन टाकतेस? अन् नाही आलं तर?" तेव्हा पासपोर्टने वाचवलं. शिक्का पडलेला इमिग्रंट व्हिसा शिक्क्याच्या तारखेपासून एक वर्ष कार्डाचंच काम करतो. तरी ताईने कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढले, पाठवल्याची पावती जपली.

सात महिने काहीही हललं नाही. मग ऑक्टोबरमध्ये परत एका शनिवारी पहाटे फोन. दहा वर्षांचं कार्ड. मी आधी नाव पाहिलं, मग तारीख, मग प्रकार. आयआर-१. हुश्श!

"आता भाऊजींशी भांडलीस तरी चालेल," मी म्हटलं.

"ते तर मी आधीपासून भांडतेच आहे," ती म्हणाली. "पण तिला नाही भांडता आलं रे."

यावर मला काही सुचलं नाही.

असो. तुमच्या हातात कुठलंही कार्ड येईल, ग्रीन, आधार, रेशन, तेव्हा पेढे वाटायच्या आधी प्रत्येक रकाना वाचा. आणि एखाद्या रकान्याचा अर्थ कळला नाही तर तो कुणी आणि कशासाठी टाकला तेही शोधा. ताईच्या शाळेच्या दाखल्यावर अजूनही जि. चंद्रपूरच आहे. बाबा म्हणतात राहू दे.