सुरुंग, शिटी आणि सेल

गावाचा इतिहास म्हटला की आपण गॅझेटियर, शिलालेख, जुने दस्तऐवज शोधतो. त्या गावाने काय ऐकले, हे सहसा कुणी विचारत नाही. वस्तुतः सामान्य माणूस आपले गाव कानांनीही ओळखत असतो.

आमचे तुमसर ही भाताची जुनी बाजारपेठ. धान घेऊन येणाऱ्या बैलांचे घुंगरू, राइस मिलची घरघर, फजरची अजान आणि देवळातली काकडआरती हेच अनेक घरांचे घड्याळ होते. 1880 च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी रेल्वे आली आणि त्यात इंजिनाच्या शिटीची भर पडली. पुढे तुमसर रोडहून तिरोडीकडे फाटा गेला, तो मुख्यतः मँगनीजसाठी. 1956 साली राज्यांच्या सीमा बदलल्या. तिरोडी मध्य प्रदेशात राहिले, तुमसर मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात आले. शिटी मात्र दोन्हीकडे तीच ऐकू येत राहिली.

तालुक्यातल्या चिखल्याची खाण जमिनीखाली आहे, डोंगरी बुजुर्गची उघडी. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड ड्राय सेल बनवायला लागते. 1952 साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली; पुढे ट्रान्झिस्टर आले आणि वीज नसलेल्या खेड्यांतही सेलवर गाणी वाजू लागली. सुरुंगाने फुटलेला आमच्या मातीतला दगड असा कुठे कुठे गात असेल!

या गाण्याची किंमतही इतिहासात मांडली पाहिजे. कुठल्याही खाणीत ड्रिलचा कल्लोळ वर्षानुवर्षे सोसला की कान बधिर होतात. मँगनीजची धूळ दीर्घकाळ श्वासातून गेली तर मज्जासंस्था बिघडू शकते, बोलणे क्षीण होऊ शकते. स्कॉटलंडमध्ये 1837 सालीच अशा कामगारांची नोंद झाली होती. ज्या खनिजाने जगाला आवाज दिला, तेच खणणाऱ्याचा आवाज हिरावू शकते.

इतिहासाच्या तासाला मी मुलांना सांगितले, “घरातल्या बुजुर्गांना विचारा, लहानपणी तुम्ही काय काय ऐकायचात?” वह्या भरून आल्या. एकाची कोरी होती. “सर, दादाजान ड्रिलवर होते. मी काय विचारतो तेच त्यांना ऐकू येत नाही.”

मी त्याला त्या कोऱ्या पानावर दादाजानचे नाव आणि तारीख लिहायला सांगितली. आमच्या तालुक्याच्या इतिहासाचे तेही एक साधन आहे.