मानेतली चीर : बीए सेटच्या सिलिंडरची गोष्ट

अग्निशमन दलाच्या जवानाच्या पाठीवरचा सिलिंडर तुम्ही पाहिला असेल. बातम्यांत त्याला सर्रास ऑक्सिजन सिलिंडर म्हणतात. पण त्यात ऑक्सिजन नसतो, आपली नेहमीचीच हवा असते, सुमारे 300 बार दाबाने भरलेली. 6.8 लिटरच्या सिलिंडरात दोन हजार लिटरच्या आसपास हवा मावते. ढोबळ हिशेब केला तर तिच्यात कोंडलेली ऊर्जा एक टनाची मोटार बारा-तेरा मजले वर नेईल एवढी भरते. ही ऊर्जा कोंडताना शेजारी एक माणूस उभा असतो. आजची गोष्ट त्याची आहे.

सुरुवात वजनापासून करू. 1970 च्या आसपास अमेरिकेत हा सगळा संच चौदा किलोच्या वर जायचा. पोलादी सिलिंडर, त्यात चौरस इंचाला 2216 पौंड दाब. जवान वैतागून तो न घालताच धुरात शिरायचे. तेव्हा नासाने, हो, चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या नासाने, हे काम हाती घेतलं. अॅल्युमिनियमची पातळ बाटली, तिच्यावर काचेच्या धाग्यांचं वेटोळं आणि दाब थेट 4500 पौंड. वजन जवळपास एक तृतीयांशाने उतरलं. 1974-75 मध्ये ह्यूस्टन, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या जवानांनी तो संच वापरून पाहिला, आणि मग बाजारातले संचही त्याच वाटेने गेले.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पण त्या काळात अॅल्युमिनियमचे अनेक सिलिंडर 6351 नावाच्या मिश्रधातूचे होते. या धातूची एक खोड उशिरा कळली. सिलिंडर नुसता भरून ठेवला, हात लावला नाही, तरी मानेजवळ, जिथे आट्यांमध्ये व्हॉल्व्ह बसतो तिथे, आतून बारीक चीर पडते आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढत राहते. आदळआपट लागत नाही. नुसता कायमचा ताण पुरतो. धातूत शिशाचा अंश असला तर आणखी वाईट.

आता तुम्ही म्हणाल, तपासणी व्हायची ना? व्हायची. सिलिंडरात पाणी भरून कामाच्या दाबाच्या दीडपटीहून जास्त दाब द्यायचा आणि तो किती फुगतो, पुन्हा किती आकसतो हे मोजायचं. हवेऐवजी पाणी का? पाणी फारसं दाबलं जात नाही, म्हणून सिलिंडर फुटलाच तरी स्फोट होत नाही. पद्धत शहाणपणाची आहे, पण ती काही मिनिटांत संपते. दहा वर्षं सरकत आलेली चीर तेवढ्या वेळात गप्प बसू शकते. सिलिंडर पास, शिक्का ठोकला, आणि पुढे कधीतरी भरताना मान उडाली, असं खरोखर घडलं.

यावर उपाय म्हणून काही जातींच्या सिलिंडरांच्या मानेभोवती पोलादी कडं बसवायला सांगण्यात आलं. अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकाने 1988 पर्यंत 6351 सोडून 6061 हा मिश्रधातू धरला. पण आधी विकलेले सिलिंडर ठाण्याठाण्यांत राहिलेच. 2007 पासून अमेरिकन सरकारने अशा जुन्या सिलिंडरांना दर पाच वर्षांनी एडी करंटची तपासणी सक्तीची केली. आट्यांमध्ये एक प्रोब फिरवत उतरवायचा. तो धातूत विजेचे छोटे भोवरे निर्माण करतो. वाटेत चीर आली की भोवरा मोडतो आणि पडद्यावरची रेघ उसळते. डोळ्याला न दिसणारी चीरही अशी सापडते. मला विचाराल तर हा नियम फार उशिरा आला.

भरण्याच्या खोलीतला एक गैरसमजही सांगतो. सिलिंडर पाण्याच्या टाकीत बुडवून भरला की सुरक्षित, असं पुष्कळांना वाटायचं. पाण्याने फक्त गरमी उतरते, तुकडे अडत नाहीत. तुकडे अडवायला जाड पोलादी पेटीच लागते. आणि घाईने भरलं की हवा तापते, काटा 300 दाखवतो, थंड झाल्यावर तोच काटा खाली येतो. आगीत जाणाऱ्या माणसाची तेवढी मिनिटं कमी होतात. हवेचंही तसंच. कॉम्प्रेसरचा ओढ पाइप बंबाच्या धुराड्याजवळ असला, तर कार्बन मोनॉक्साइड आपणच बाटलीत भरतो.

आपल्याकडे हा विषय गॅस सिलिंडर नियमांत येतो. 1940, 1981, 2004 आणि 2016, असे ते नव्याने येत गेले. अंमलबजावणी करणाऱ्या पेसो या संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. तपासणीची मुदत टळलेला सिलिंडर भरायचा नाही, हे त्यात आहेच. मला मात्र दुसरी एक तरतूद आवडते. नापास सिलिंडर नुसता बाजूला ठेवून भागत नाही. तो चेपून सपाट करायचा, किंवा पुन्हा जोडता येणार नाहीत असे त्याचे तुकडे करायचे. ज्याने ही ओळ लिहिली, त्याने भंगारवाल्याकडून रंग लावून परत आलेला सिलिंडर नक्की पाहिला असणार.