पट्टा पडेपर्यंत: शाळेतल्या पहिल्या प्रेमाच्या अभ्यासाची प्रस्तावना

शाळेतल्या पहिल्या प्रेमाच्या गोष्टींना अभ्यासात अजून हक्काची जागा नाही. साहित्याचे अभ्यासक त्या कुमारांसाठी म्हणून बाजूला ठेवतात, सिनेमाचे अभ्यासक हलक्याफुलक्या म्हणून. तरीही त्या मन लावून वाचाव्यात, पाहाव्यात असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ही प्रस्तावना. हे मी बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारहून लिहितो आहे आणि त्याचा परिणाम पुढच्या मांडणीवर होणारच. इथून पाहिलं की या गोष्टींचा खरा आधार डोळ्यांत भरतो: शाळेचं सलग वर्ष.

सुरुवात जपानपासून करू, कारण हा प्रकार तिथे सर्वाधिक घोटला गेला. ‘किमी नी तोदोके’ ही कारुहो शीना यांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 2005 ते 2017 या काळात प्रसिद्ध होत होती. तिचे 30 खंड झाले आणि 2023 मध्ये तिच्यावरची 12 भागांची मालिका नेटफ्लिक्सवर आली. तिची नायिका सावाको अबोल आहे. लांब काळे केस आणि बुजरी नजर यांमुळे वर्ग तिला ‘रिंग’ या भयपटातल्या भुताच्या नावानं हाक मारतो. मांगातला जागा बदलण्याचा प्रसंग मुद्दाम सावकाश पाहावा. तिच्या शेजारी बसायला कुणी तयार नसतं, तेव्हा वर्गातला काझेहाया तिथे येऊन बसतो आणि त्याच्या पाठोपाठ आयाने, चिझुरू आणि ऱ्यू. म्हणजे प्रेम एकटं येत नाही, दोस्तांना घेऊन येतं. पुढे खोट्या अफवा उठतात आणि आयाने-चिझुरू या मैत्रिणींचं नाव आपल्यामुळे खराब होईल म्हणून सावाको स्वतःच दूर होते. तिथे तिची घालमेल काझेहायासाठी जेवढी आहे तेवढीच, किंबहुना जास्तच, त्या दोघींसाठी आहे. माझ्या मते या कथेतलं पहिलं प्रेम मैत्रीच आहे. मुलगा नंतर येतो.

हे सगळं इतक्या संथपणे घडू शकतं, कारण वेळ हाताशी आहे. जपानी शाळा एप्रिलमध्ये सुरू होते, मार्चमध्ये संपते. मधे क्रीडादिन आणि सांस्कृतिक महोत्सव ठरल्या वेळी येतात. आज बोलायचं राहिलं तर उद्या ती त्याच बाकावर असणार, हा भरवसा लेखिकेला आणि वाचकाला सारखाच असतो.

मराठीत या वाटेवरचं पहिलं मोठं नाव मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’चं. 2004 ची ही कादंबरी, आणीबाणीतली नववी, त्या वर्गातला जोशी आणि त्याला आवडणारी शिरोडकर. सुजय डहाके यांच्या चित्रपटानं ती आणखी दूरवर पोचवली. पण जोशीचं प्रेम ज्या जागी वाढतं ती जागा वर्गाबाहेर आहे. सुऱ्या, चित्र्या, फावड्या या मित्रांच्या बैठकीत त्याला प्रेमाविषयी बोलायची भाषा मिळते. शेवटी शिरोडकरच्या वडिलांची बदली होते आणि ती गाव सोडते. बदली ही नोकरदार घरांतली आपत्ती आहे. गोष्ट तोडायला लेखकाला तेवढं पुरलं, ही नोंद पुढे उपयोगी पडेल.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या अकोळनेरला चित्रित झाला आणि 14 फेब्रुवारी 2014 ला प्रदर्शित झाला. त्यातला जब्या शाळेतल्या शालूशी धड बोलतसुद्धा नाही. त्याचं सगळं प्रेम दोस्त पिऱ्याला सोबत घेऊन काळ्या चिमणीमागे काट्याकुट्यांतून धावण्यात आहे. त्या चिमणीची राख टाकली की मुलगी वश होते, असं त्याला सांगितलेलं आहे. आणि शाळेजवळ डुक्कर पकडताना राष्ट्रगीत सुरू होतं, तेव्हा अख्खं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर निघून जातं. ज्या शाळेत जब्यानं त्या वेळी रांगेत उभं असायला हवं, तिच्या बाहेर तो बापाच्या कामाला जुंपलेला आहे. त्याच्या प्रेमाला जात आडवी येते हे सर्वांनी लिहिलं आणि ते खरंच आहे. पण कामासाठी शाळा बुडणं हीसुद्धा त्या प्रेमाचीच गोष्ट आहे, याकडे कमी लक्ष गेलं.

दूरचित्रवाणीबद्दल थोडक्यात. आपल्या मालिका बहुतेक लग्नाच्या आसपास सुरू होतात, त्यामुळे शाळेचं वय त्यांतून निसटलं. ती जागा यूट्यूबनं भरली. कोरी पाटी प्रॉडक्शनच्या नितीन पवार यांची ‘आठवी अ’ आणि तिच्या पाठोपाठची ‘दहावी अ’ या गावातल्या शाळेच्या वेबमालिका अभ्यासकांनी आवर्जून पाहाव्यात.

आता शिरूर कासार. सिंदफणेच्या काठचा, कमी पावसाचा हा तालुका ऊसतोड मजुरांचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली घरं बैलगाड्या, ट्रक, ट्रॅक्टरनं निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळपाचा हंगाम संपतो, तो मार्च-एप्रिलमध्ये. आमची शाळा जूनमध्ये भरते, स्नेहसंमेलन डिसेंबर-जानेवारीत आणि दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे प्रेमकथेला ज्या दिवसांत बहर यावा, नाटक बसावं, नाच बसावा, त्याच दिवसांत वर्गातले बाक रिकामे होतात. कुणी आजी-आजोबांकडे राहून शाळा करतं, कुणी हंगामी वसतिगृहात. थोरली मुलगी मात्र बरेचदा फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, धाकट्या भावंडांना सांभाळत असते.

मुलींच्या बाबतीत गोष्ट आणखी लवकर तुटते. उचल नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते आणि वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायची आईबापाला धास्ती असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या दर पाच स्त्रियांपैकी दोघींहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. शिरोडकरच्या वडिलांची बदली झाली. इथल्या मुलीचं थेट लग्नच होतं, आणि तिच्या मैत्रिणीला ते सुट्टीनंतर हजेरीत कळतं. या मैत्रिणीच्या बाजूनं लिहिलेली कथा मराठीत यायला हवी, असं मला फार वाटतं. तिचं दुःख विरहाइतकंच खरं आहे.

म्हणून नव्या अभ्यासकानं कुठलीही शालेय कथा हातात घेतली, की आधी तिचं कॅलेंडर मांडावं: पात्रांना एकत्र किती महिने मिळाले, मधे कोण गेलं, परत आलेल्याला त्याची जागा मिळाली का. मग दोस्त कोण, निरोप कोण पोचवतो, गुपित कोण राखतं. 2021 मध्ये ऊसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनेला मंजुरी मिळाली. हंगामातही मुलं एका छताखाली राहिली, तर त्यांच्या मैत्रीला पहिल्यांदा सलग वर्ष मिळेल. त्या वर्षाच्या गोष्टी तीच मुलं सांगतील, फोनवर चित्रितही करतील. तोवर ‘फँड्री’, ‘शाळा’ आणि ‘किमी नी तोदोके’ या क्रमानं वाचन-पाहणी सुरू करावी, आणि सोबत आपल्या जवळच्या एखाद्या शाळेचं नोव्हेंबरचं हजेरीपत्रक पाहावं.